पिवळी छत्री उघडी आहे

मी छत्री बोलतेय. पिवळी छत्री. छत्रीचं काय ऐकायचं, असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या घरच्या छत्रीला तोंड फुटलं तर ती पहिल्यांदा तुमचीच गाऱ्हाणी सांगेल. मी तसं करणार नाही. माझ्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. दोनच तर माणसं होती माझी, आणि त्यातलं आता एकच उरलंय.

जन्माची मी काळी. कारखान्यातल्या लांब टेबलावर एका बाईनं माझ्या काड्या बसवल्या, दुसरीनं कापड ताणलं, तिसरीनं लाकडी मूठ ठोकली आणि चौथीनं उघडून-मिटून बघत म्हटलं, "ही चालेल." झालं माझं बारसं. पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. तटबंदीचं जुनं शहर बघायला आला, सकाळी पाऊस होता म्हणून मला मिरवलं आणि दुपारी ऊन पडल्यावर वेशीतल्या दगडी बाकावर विसरून गेला. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्यच मला विसरला.

त्या दिवशी त्याच्या घोळक्याला शहर दाखवत होता तो माझा वाटाड्या. उंच, किडकिडीत, खणखणीत आवाजाचा. मी बाकावर पडलेली दिसले तेव्हा डॉक्टरची बस निघून गेली होती. त्यानं मला उचललं, उघडलं आणि वेशीत उभा राहिला, म्हणजे परत आलेल्या माणसाला लांबून दिसावं. संध्याकाळपर्यंत उभा होता. कोणी आलं नाही. मग मला काखोटीला मारून घरी घेऊन गेला आणि बायकोला म्हणाला, "हिचं कोणी नाही. ठेवून घेऊ."

बायको शिवणकाम करायची. खिडकीपाशी मशीन, मशीनवर दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचा ढीग. तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"अहो, काळ्या छत्रीच्या मागे कोण येईल? सगळं गाव काळ्या छत्र्यांचं. तुमची माणसं भलत्याच्याच मागे जातील."

आणि उठून तिनं खिडकीचा पिवळा पडदा काढला. नवा होता, हौसेनं आणलेला. कात्रीनं त्याच्या पाकळ्या कापल्या, माझं काळं कापड उसवलं आणि मला पिवळं केलं. त्या खिडकीला पुढे कधीच पडदा लागला नाही. ती म्हणायची, उजेड बरा येतो शिवायला. मला ठाऊक होतं की दुपारचं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर यायचं.

आता आमच्या धंद्याची रीत सांगते, कारण ती कळली नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही. त्या शहरात वाटाड्यांच्या छत्र्या ठरलेल्या. कोणाची लाल, कोणाची हिरवी, आमची पिवळी. मिटलेली छत्री वर धरली की अर्थ एवढाच, चला माझ्या मागे. उघडली की थांबा, इथे गोळा व्हा. आणि घोळक्यातलं कोणी मागे राहिलं, चुकलं, तर वाटाड्यानं जवळची वेस गाठायची, छत्री उघडायची आणि ते माणूस येईपर्यंत तिथून हलायचं नाही. म्हणून पावसातसुद्धा आमच्यात छत्री डोक्यावर उघडत नाहीत. छत्री हातात असून हा मनुष्य आयुष्यभर भिजला. नवे पाहुणे हसायचे. हा म्हणायचा, "छत्री तुमच्यासाठी आहे, पाऊस माझ्यासाठी."

काय दिवस होते ते! मी सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. तटावरची वाट, बुरूज, घंटाघर, पाण्याची टाकी, मावळतीच्या वेशीवरचा लाकडी सज्जा, सगळं रोज माझ्या नजरेखालून जायचं. सज्ज्याखाली आला की वाटाड्याचा आवाज हळू व्हायचा. तिथे म्हणे पहारेकऱ्याची बायको दिवा घेऊन बसायची, नवऱ्याची पाळी संपेपर्यंत. खरं-खोटं देव जाणे. पण बायका त्या जागी हटकून आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या आणि नवरे हटकून फोटो काढायला लागायचे.

माणसांच्या नाना तऱ्हा पाहिल्या मी. हजार वर्षांच्या भिंतीसमोर आणलं तर भिंतीकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढणारे. एवढा मोठा इतिहास ऐकून झाल्यावर "स्वच्छतागृह कुठे आहे?" एवढाच प्रश्न विचारणारे. हा सगळ्यांना सांभाळून घ्यायचा. दुपारी घोळका बसमध्ये बसायचा, नदीवरच्या जुन्या पुलावरून पलीकडच्या टेकडीवर जायचा. ज्या दगडाचा तट बांधला तो त्याच टेकडीतून काढलेला. माथ्यावरून सगळं शहर काठ असलेल्या ताटासारखं दिसायचं. आणि तिथे तो शेवटी बोट दाखवायचा, "ते घंटाघर. त्याच्या डावीकडे तीन छपरं सोडून एक छप्पर दिसतं का? कौलं जुनी, मधलंच एक नवं लालभडक. ते माझं घर."

लोक टाळ्या वाजवायचे.

संध्याकाळी बायको विचारायची, "आपलं छप्पर कसं दिसतं हो वरून?"

"एकदा नेतो ना तुला. पुढच्या सुट्टीत."

पण त्याची सुट्टी म्हणजे शहराचीच सुट्टी. त्या दिवशी तटाचा जिना बंद, बस बंद, टेकडीचं फाटक बंद. ज्या दिवशी सगळं उघडं, त्या दिवशी हा कामावर. जन्मभर त्यानं परक्यांना शहर दाखवलं आणि त्याच शहरात राहणारी बायको मशीन, बाजार आणि जिना यांच्यातच फिरत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ती चिडायची नाही. हसून म्हणायची, "पाहुणी म्हणून जन्माला यायला हवं होतं मी."

मग त्याचे डोळे जायला लागले.

कडेकडेनं गेले. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. मग समोरचंही धुरकट. डोळ्यांच्या डॉक्टरनं थेंब दिले आणि सांगितलं, आहे तेवढं जपा, गेलेलं येणार नाही. घरी येऊन हा म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढलाय." झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आपल्या मालकाचं बिंग छत्रीला सगळ्यात आधी कळतं. एके दिवशी घंटाघराच्या चौकात त्यानं मला वर धरायच्या ऐवजी खाली टेकवलं. माझं टोक दगडावर आपटलं. मला अपमान वाटला, खरं सांगते. मी काय काठी आहे? दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या टोकानं तो पायरी शोधत होता, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

बायकोला कळलं ते सुईवरून. तिला जवळचं कमी दिसायचं, म्हणून कामावर जाण्याआधी रोज तो तिच्या सुया ओवून उशीवर टोचून ठेवायचा. त्या सकाळी दोऱ्याचं टोक ओलं करून तो बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला. दोरा सुईच्या बाजूनं जात होता. मग सुया तशाच ठेवून म्हणाला, "आज घाई आहे गं."

तिनं उशीवरच्या बिनदोऱ्याच्या सुया पाहिल्या. तो मला घेऊन जिना उतरला. त्या दिवशी वेशीत घोळका जमला, मी वर गेले आणि बघते तर काय, घोळक्याच्या कडेला, डोक्याला रुमाल, खांद्याला बाजाराची पिशवी, ही उभी! परगावच्या पाहुणीसारखी मान वर करून तट बघत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, मागे बघ. पण छत्रीला आवाज कुठला!

तटाचा जिना चढून झाला, बुरूज झाला. उतरताना एक पायरी मोडकी आहे, ती त्याला पाठ होती. पण त्या दिवशी कोणीतरी मध्येच काही विचारलं आणि तो बोलण्याच्या भरात पाऊल टाकायला गेला. तेवढ्यात मागून खोकला आला. लहानसा, घसा साफ केल्यासारखा.

तो जागच्या जागी थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात भिंतीपलीकडून ऐकलेला खोकला माणूस ओळखणार नाही का? त्यानं मागे वळून पाहिलं नाही. माझ्या टोकानं पायरी चाचपली आणि खाली उतरला. फक्त माझ्या मुठीवरचा हात थोडा घट्ट झाला.

रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "दमलात का? खूप चाललात?"

"नेहमीसारखंच. तू काय केलंस दिवसभर?"

"मी काय करणार? घरीच होते."

दोघंही खाली मान घालून जेवत राहिले. मी दारामागच्या खिळ्यावर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला खोटारडं म्हणू?

तेव्हापासून हेच चालू झालं. ती शिवणाची कामं पहाटे उरकायची आणि सकाळी घोळक्यात मिसळायची. पायरी आली की खोकायची. खड्डा आला की दोनदा. त्याचं शहर दाखवणं पुन्हा झोकात सुरू झालं. आणि गंमत अशी, की बाईला अखेर सगळं बघायला मिळालं. तो विनोद करायचा तेव्हा सगळ्यात आधी ती हसायची, तेही घरी हजारदा ऐकलेल्या विनोदाला. सज्ज्याखाली तो पहारेकऱ्याच्या बायकोचं सांगायचा तेव्हा मात्र ती जमिनीकडे बघायची. तो आता ते थोडं लांबवून सांगायला लागला होता. कोणासाठी, ते आम्हा तिघांनाच माहीत.

एक राहिलं ते टेकडीचं. दुपारच्या बसमध्ये जागा मोजून असायच्या. घोळका बसमध्ये चढला की ती वेशीतच थांबायची, बस पुलावरून दिसेनाशी होईपर्यंत. मग घरी जायची.

त्या हिवाळ्यात एकदा घंटाघराच्या चौकात, अगदी सपाट फरशीवर, मागून खोकला आला. वाटाड्या थांबला. मी खाली आले, पुढे चाचपलं, पायरी नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. घोळका एकमेकांकडे बघायला लागला. पुन्हा खोकला. हा पुन्हा थांबला, पाय पुढे करून नसलेली पायरी शोधत राहिला. त्याला वाटलं, तिची चूक झाली असेल. मला मात्र दिसत होतं. ती भिंतीला एक हात लावून उभी होती, दुसऱ्या हातात रुमाल तोंडावर, आणि खोकला दाबायचा आटापिटा करत होती. कारण खोकला आला की नवरा अडखळतो, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर महिन्याभरातच ते सज्ज्याचं झालं.

मावळतीच्या वेशीवरच्या सज्ज्याची लाकडं कुजली होती. सुतारांनी एका सुट्टीच्या दिवशी तो उतरवून दुरुस्तीला नेला. वाटाड्यांच्या ऑफिसच्या फळ्यावर तशी सूचना लागली होती, बाकी सगळ्यांनी वाचली. आमच्या माणसाला ती वाचता आली नाही. सकाळी घोळका वेशीत उभा करून त्यानं मला वर धरलं, आवाज हळू केला आणि म्हणाला, "आता वर बघा. या सज्ज्याची नक्षी बघा. कठड्यावरचे पोपट मोजत बसा, प्रत्येकाची चोच वेगळी आहे."

सगळ्यांनी वर पाहिलं. वर भिंतीत तुळयांची रिकामी भोकं होती आणि त्यातून आभाळ दिसत होतं.

"कुठेत पोपट?" एकानं विचारलं. "उडाले वाटतं." दोघं-तिघं हसले.

वाटाड्याचा चेहरा पांढरा पडला. काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं.

तेवढ्यात कडेनं आवाज आला, "दिसताहेत की! मला दिसताहेत."

ती पुढे आली होती. रुमाल मागे सरकलेला, धाप लागलेली. रिकाम्या भोकांकडे बोट करून ती म्हणाली, "डावीकडचा पोपट मान वळवून बघतोय. त्याच्या शेजारी दिवा ठेवायची जागा. तुम्ही सांगा हो पुढचं. आम्ही ऐकतोय."

कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं डोक्यावरची टोपी काढली, दोघी बायका "हो, हो, आहेत," म्हणाल्या. आणि वाटाड्यानं पुढचं सांगितलं. सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. आवाज मात्र खणखणीत राहिला नाही.

तक्रार कोणी केली नाही. केली ती काळजी. तटावरून कोणी पडलं तर? ऑफिसच्या प्रमुख बाईंनी त्याला बोलावलं. त्या त्याच्याच हाताखाली शिकलेल्या. "सर, मला माफ करा," एवढंच म्हणाल्या. त्यानं कोटावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"हा तुमचा. छत्री मात्र माझी आहे. बायकोचा पडदा आहे तो."

घरी येऊन तो खिडकीपाशी बसला. ती मशीनवरून उठून त्याच्याजवळ आली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तरी मला टेकडीवर न्या."

"मला दिसत नाही गं."

"मला दिसतं ना. वाट तुम्हाला पाठ आहे. दोघांचं मिळून एक माणूस होतंच की."

ते गेले. पुलापर्यंत गावच्या बसनं, पुढे पायी. त्याच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात तिचा हात. वाटेत ती खोकली. तो थांबला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा उघड विचारलं, "पायरी आहे?"

"नाही हो," ती म्हणाली. "हा नुसता खोकला आहे."

मग घंटाघराच्या चौकातला तो दिवस त्याच्या ध्यानात आला असावा, कारण त्यानं विचारलं, "केव्हापासून?"

"चला ना. ऊन चढेल."

अर्ध्या वाटेवर एक वळण आहे, तिथे बाक आहे. तिथून समोर फक्त तटासाठी खोदलेला टेकडीचा दगड आणि नदीचा तुकडा दिसतो; शहर दिसत नाही. ती बाकावर बसली. तिच्या छातीचा भाता मला ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आलो बघा माथ्यावर. बसा."

तो बसला. माथ्यावर वारा असतो, असा की मला दोन्ही हातांनी धरावं लागतं. इथे वाऱ्याचं नाव नव्हतं. माझं कापड पानासारखंही हललं नाही. जन्मभर त्या वाटेनं गेलेल्या माणसाला हे कळलं नसेल? त्यानं फक्त विचारलं, "दिसतं का छप्पर?"

"दिसतं तर. घंटाघराच्या डावीकडे तीन छपरं सोडून. कौलं जुनी, मधलंच एक नवं, लालभडक."

"कसं दिसतं?"

"छान दिसतं हो. आपलंच आहे म्हणून जास्त छान दिसतं." जरा थांबून ती म्हणाली, "खिडकीला पडदा नाही, तेवढं बरं दिसत नाही."

तो हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या डोळ्यांचा तेवढाच उपयोग उरला होता.

थंडी संपायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. आधी कसं येणार? सकाळ तर घोळक्यात जायची.

आता मी म्हातारी झालेय. दोन काड्या वाकल्या, पडद्याचा पिवळा रंग उन्हानं उडाला. खालच्या मजल्यावर त्याची मेहुणी राहते, ती दोन वेळचं जेवण देते आणि सकाळी त्याला मावळतीच्या वेशीतल्या बाकावर आणून बसवते. तो बसतो आणि मला उघडतो.

"भावोजी, ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला उघडता? लोक हसतात," असं ती परवा म्हणाली.

"हसू देत. माझी एकजण मागे राहिलीये."

मेहुणीनं जेवणाचा डबा त्याच्या शेजारी ठेवला आणि घरी गेली.

सज्जा परत बसवलाय. नवी लाकडं, तेच पोपट. कोणी त्याला तसं सांगितलं की तो म्हणतो, सज्जा गेलाच कधी होता? माझ्या बायकोला दिसत होता. लाल छत्रीवाला, हिरव्या छत्रीवाला आपापले घोळके घेऊन आमच्यासमोरून जातात, मान लववून त्याला नमस्कार करतात. त्याला ते दिसत नाही. त्याचं लक्ष कानांत असतं. घोळक्यात कोणी खोकलं की तो लगेच ताठ बसतो, उजवा पाय पुढे काढतो आणि फरशीवर पायरी शोधतो. फरशी सपाट असते. मग हळूच पाय मागे घेतो.

म्हणून एक मागणं आहे. कधी त्या शहरात आलात आणि स्वच्छ दिवशी वेशीत एक विटकी पिवळी छत्री उघडी दिसली, तर घशात कितीही खवखवलं तरी वेस ओलांडेपर्यंत खोकू नका. आणि त्याला कृपा करून सांगू नका की आता छत्री मिटा म्हणून. आमच्यात मागे राहिलेलं माणूस येईपर्यंत मिटत नाहीत. माझ्या काड्या धरून आहेत अजून.